आडवं हँडल

कल्पना करा, तुम्ही एका शिडीच्या टोकाशी उभे आहात. बावीस फूट खाली सिमेंटची फरशी, डोक्यावर तापलेला पत्रा आणि नाकासमोर शेजारी शेजारी धावणारे सहा पाइप. एकात पिण्याचं पाणी आहे, दुसऱ्यात संडासांच्या टाक्यांना जाणारं. तिसऱ्यात आग लागली तर म्हणून राखलेलं, चौथ्यात मशिनं थंड करणारं. पाचव्यात हवा आहे. सहाव्यात काय आहे हे ज्यांना माहीत होतं ते रिटायर होऊन गावी गेले. तुम्हाला एक व्हॉल्व्ह बंद करायचा आहे. हँडल पाइपच्या रेषेत असेल तर व्हॉल्व्ह उघडा, पाइपला आडवं असेल तर बंद. तुम्ही हँडल आडवं करता, हात पुसता, शिडी उतरता. आता सांगा, पाणी थांबलं हे तुम्हाला कशावरून कळलं?

एहसानला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हँडलवरून. त्या गुरुवारच्या सकाळपर्यंत तरी.

एहसान चाकणच्या एका कंपनीत पाइप फिटर आहे. कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढते, आणि एहसान तिथे नऊ वर्षांपासून ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. वय सत्तेचाळीस. वडील उदगीरहून भोसरीत आले आणि पंप दुरुस्त करत राहिले. पोरगा पाइपांत शिरला. रावेतला इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा त्याने तिथे बारा-बारा मजले पाणी चढवलं. त्याच्याजवळ आयटीआयचं सर्टिफिकेट नाही, पण पाइपावर पाना हलकेच आपटून तो भरलेला की रिकामा हे सांगतो, आणि ते सहसा खरं निघतं. कंपनीतली पिण्याच्या पाण्याची लाइन पहिल्या सॉकेटपासून त्याने स्वतः टाकलेली. दिघीला त्याच्या घरी पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून तो रोज संध्याकाळी कॅन्टीनच्या नळावर वीस लिटरचा कॅन भरून मोटरसायकलला बांधतो. गेटवरचा वॉचमन काही बोलत नाही. कुणी चेष्टा केलीच तर एहसान म्हणतो, "माझ्या हाताची लाइन आहे. मिनरल वॉटरवाल्याला कोण ओळखतं?"

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. प्रॉडक्शन बंद, म्हणून दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात. त्या गुरुवारी प्रेसचे साचे बदलायला बत्तीस जण ओव्हरटाइमवर आले होते, आणि एहसानकडे एक छोटं काम होतं: पिण्याच्या पाण्याच्या उंच टाकीखालचा जोड थेंब थेंब गळत होता, त्याचं रबर बदलायचं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, लाइनमधलं पाणी कॅन्टीनच्या नळातून सोडून द्यायचं, जोड खोलायचा. तासाभराचं काम.

सव्वानऊला त्याने टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि कॅन्टीनमध्ये येऊन मोरीतला नळ पूर्ण सोडला.

"सोडा सोडा, पाणी तुमच्या बापाचंच हाय," कुसुमताई चुलीपासून ओरडल्या. कुसुमताई कॅन्टीनच्या मुख्य स्वयंपाकीण. त्यांचं माहेर-सासर दोन्ही चाकणच्या आसपासचं, आणि कंपनी आली त्या जमिनीत पूर्वी त्यांच्या दिरांचा कांदा व्हायचा.

"लाइन रिकामी करायलोय, ताई. पाच मिनिटांत थांबतंय बघा."

"थांबायच्या आधी माझं पातेलं भरून घेते. डाळीला आधण ठेवायचंय." त्यांनी मोठं पातेलं नळाखाली सरकवलं, भरलं, आणि हाताखालच्या दोघी बायकांनी ते उचलून शेगडीवर नेलं.

एहसानने त्यांच्याकडून चहाचा कप घेतला आणि नळाकडे बघत उभा राहिला. लाइनमध्ये किती पाणी मावतं ते त्याला अंदाजाने माहीत होतं. पाच मिनिटं, फार तर सात. धार बारीक व्हायला हवी, मग नळाने हवा ओढल्याचा घुर्र आवाज करायला हवा.

चहा संपला. धार तशीच होती.

त्याने मोबाइलमध्ये वेळ बघितली. दहा मिनिटं झाली होती, मग पंधरा. नळातून पाणी जोरात येत होतं, टाकी चालू असताना येतं त्याहूनही जरा जास्त जोरात. एहसानने धारेखाली हात धरला आणि लगेच मागे घेतला, जणू पाणी उकळतं होतं.

टाकी बंद आहे. मग हे पाणी येतंय कुठून?

आधी वाटलं, टाकीचा व्हॉल्व्ह नीट बसला नसेल. तो धावत टाकीपाशी गेला, जोड सैल करून बघितला. कोरडा. टाकीतून थेंबसुद्धा खाली येत नव्हता. टँकरचं पाणी घ्यायचं तोंड बघितलं, त्याला तर कुलूप होतं. परत येताना तो रेंगाळला, कारण आता एकच जागा उरली होती, आणि ती त्याला बघायची नव्हती.

दोन उन्हाळ्यांपूर्वी कंपनीचा एसटीपी आठ दिवस बंद पडला होता. संडास-मोऱ्यांचं सांडपाणी साफ करून पुन्हा संडासांच्या टाक्यांना देणारा तो प्लांट. टाक्या कोरड्या पडल्या, सातशे माणसांची पंचाईत झाली. तेव्हा मेंटेनन्सच्या सुपरवायझरने, गणराजने, एहसानला सांगितलं होतं, "भावा, पिण्याच्या लाइनीतून एक तुकडा मार संडासच्या लाइनीला. आठ दिवसांचा प्रश्न आहे." एहसानने दीड हाताचा तुकडा टाकला, मधे एक व्हॉल्व्ह बसवला. असा तुकडा टाकायचा नसतो, पिण्याची लाइन दुसऱ्या कुठल्याच लाइनीला चिकटता कामा नये, हे त्याला रावेतलाच एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवलं होतं. पण आठ दिवसांचा प्रश्न होता. एसटीपी सुरू झाल्यावर त्याने व्हॉल्व्ह बंद केला, आणि तुकडा काढायचा का असं गणराजने विचारलं तेव्हा एहसानच म्हणाला होता, "राहू द्या, पुन्हा लागंल."

त्या उन्हाळ्यानंतर संडासच्या लाइनीवर नवा प्रेशर पंप बसला होता. म्हणजे आता दोन लाइनींमधला तो व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर जोर कुणाचा चालेल?

त्याने शिडी ओढत नेली आणि वर चढला. वर पोचून हँडल बघितलं आणि त्याचा श्वास मोकळा झाला. हँडल आडवं होतं, म्हणजे बंद. नव्या लाल रंगात चमकत होतं.

दोन मिनिटं तो शिडीवरच कपाळ पाइपाला टेकवून उभा राहिला. मग पुन्हा भीती दाटून आली. हा बंद असेल तर नळ चालू कसा?

तो खाली उतरला आणि पंपरूममध्ये जाऊन संडासच्या लाइनीचा प्रेशर पंप बंद केला. कॅन्टीनपर्यंत तो पळाला नाही, मुद्दाम चालत गेला. लवकर पोचायचं नव्हतं. मोरीत नळाची धार बारीक होत होती. त्याच्या डोळ्यांसमोर ती दोऱ्याएवढी झाली, मग नळाने घुर्र केलं आणि थांबला.

"थांबलं की हो शेवटी," कुसुमताई म्हणाल्या. "तोंड का पडलंय तुमचं? दीड तासानं जेवायला बसतील पोरं, तवर पाणी सुरू करा म्हंजे झालं."

एहसानने मघाचा रिकामा कप उचलून मोरीत ठेवला. घशात चहाची चव होती. तो परत गेला, शिडी चढला आणि खिशातला चाकू काढून व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकावरचा रंग खरवडू लागला. या व्हॉल्व्हचा दांडा चौकोनी असतो, आणि त्याच्या टोकावर एक खाच असते. आतली तबकडी ज्या दिशेला असेल त्याच दिशेला ती खाच असते. हँडल नंतर वरून बसवतात, चौकोनी दांड्यावर ते चारही बाजूंनी कसंही बसतं. जुने फिटर हँडल बघत नाहीत, खाच बघतात. पण खाचेवर दोन हात लाल रंग चढला होता.

रंगाचा पापुद्रा निघाला. खाच पाइपच्या रेषेत होती.

व्हॉल्व्ह सताड उघडा होता.

आणि मग त्याला मागच्याच्या मागचा शनिवार आठवला. सोमवारी ऑडिट होतं. परदेशातल्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं येणार, म्हणून सगळे पाइप नव्याने रंगवले होते. निळा, हिरवा, लाल, बाण, नावं, सगळं. रंग नीट बसावा म्हणून रंगाऱ्यांनी व्हॉल्व्हची हँडलं काढून एका पोत्यात भरली होती. चौसष्ट हँडलं. शनिवारी दुपारी दोनला ते पोतं एहसानच्या पुढ्यात आलं आणि गणराज म्हणाला, "राव, पाचच्या आत सगळी जागेवर पाहिजेत." एहसानने ती बसवली. एकेक शिडी, एकेक दांडा. या व्हॉल्व्हवर चढला तेव्हा साडेचार वाजून गेले असतील. हँडल दांड्यावर ठोकलं आणि बघतो तर ते पाइपच्या रेषेत. उघडं! त्याला चांगलंच आठवत होतं, त्या क्षणी तो हबकला होता आणि लगेच त्याला बरंही वाटलं होतं, की बरं झालं आपल्या नजरेला पडलं, नाहीतर केवढा घोळ झाला असता. मग त्याने हँडल जोर लावून आडवं केलं होतं.

व्हॉल्व्ह आधी बंदच होता. हँडल चुकीच्या बाजूने बसलं होतं. त्याने काळजीने, स्वतःच्या हाताने, तो उघडला होता.

शनिवारपासून आज गुरुवार. त्याने बोटांवर दोनदा मोजलं. बारा दिवस.

दांड्याला पाना लावून त्याने तो फिरवला. दांडा कुरकुरला आणि खाच पाइपला आडवी झाली. हँडल काढून, बाजू बदलून, पुन्हा नीट बसवलं. खाली येऊन पंप सुरू केला आणि कॅन्टीनच्या मागच्या दारातून नळ बघितला. आता नळातून काहीच येत नव्हतं. सगळं जिथल्या तिथे बसलं होतं, आणि हे जगात एकट्या एहसानला माहीत होतं.

तेवढ्यात गणराज समोरून आला. एहसानचा चेहरा बघून थांबला. "काय रे, भूत बघितलंस का?"

एहसानने त्याला सांगितलं. सांगताना आवाज अगदी खाली गेला, तरी सगळं सांगितलं. गणराज ऐकत ऐकत पंपरूमच्या आडोशाला सरकला.

"आत्ता बंद केलास ना? मग विषय संपला, भावा."

"बारा दिवस लोक तेच पाणी प्यालेत."

"साफ केलेलंच असतं रे एसटीपीचं पाणी. क्लोरीन मारलेलं. कुणी मेलं का? नाही ना? उद्या तुझा गेटपास बंद झाला तर ठेकेदार तुला दुसरीकडे घेईल असं वाटतं का तुला? आणि तो तुकडा कुणी टाकायला सांगितला, हे पण निघणार." शेवटचं वाक्य बोलून त्याने मागे वळून बघितलं. मग हळूच म्हणाला, "मला दोन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला."

एहसानला त्याचा राग आला नाही. त्याच्याही डोक्यात तेच चाललं होतं. मुलीचं, अफरीनचं, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. बायको मदिना मोटरसायकलवरून कॅन उतरवून घेताना रोज म्हणायची, कंपनीचं पाणी गोड लागतं. कालचा कॅन घरी अर्धा भरलेला असेल. आणि शेगडीवर बत्तीस माणसांची डाळ शिजत होती.

ती डाळ उकळतेय, उकळलेल्याने काही होत नाही, असं त्याने मनाशी म्हणून बघितलं. पण पाण्याचे कूलर उकळत नाहीत. ताटं, ग्लास, कापलेली काकडी, काही उकळत नाही.

"मी ताईंना सांगायलोय," तो म्हणाला आणि गणराजला पुढे बोलू न देता निघाला.

कुसुमताई भाताचं झाकण काढत होत्या. एहसान म्हणाला, "ताई, हे सगळं टाकून द्या."

"काय?"

"डाळ, भात, काकडी. नळाचं जे काय घेतलं असंल ते सगळं. पिण्याच्या लाइनीत संडासच्या लाइनीचं पाणी शिरलंय."

कॅन्टीनमधल्या दोघी बायका जागच्या जागी थांबल्या. कुसुमताईंनी पळी खाली ठेवली. त्यांच्या तोंडून शिवी येईल असं एहसानला वाटलं. त्या म्हणाल्या, "मी तुमाला म्हनलं व्हतं का न्हाई? ऑडिटच्या दिशी म्हनलं व्हतं, चा मचूळ लागतोय. तुमी काय म्हनला? टाकी धुतलीय ताई, औषधाचा वास हाय."

म्हणाल्या होत्या. आणि तो हसला होता.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "माझ्याच हातानं झालंय."

"तुमी बी त्योच चा पिलाय ना सकाळी?"

"प्यालो."

"मग बसा खाली." त्यांनी त्या दोघींना शेगड्या बंद करायला सांगितल्या आणि स्वतः कूलरची बटणं बंद करत गेल्या. शेवटच्या कूलरपाशी त्या थबकल्या. "नात माझी शाळेतून येते शनवारी. हितलंच पानी पिते," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. एहसानकडे त्यांनी बघितलं नाही.

रश्मीला फोन एहसाननेच केला. रश्मी युटिलिटीची, म्हणजे पाणी-वीज-हवेची इंजिनिअर, अठ्ठावीस वर्षांची, तळवड्याला राहते. तिचे वडील कोंडीराम भोसरीच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर उभे होते. त्यांच्या घरातली इंजिनिअर झालेली ती पहिली. सुट्टीचा दिवस होता, तरी ती पाऊण तासात आली. हेल्मेट डोक्यावरच ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं. मग शिडीवर चढून खाच बघितली, खरवडलेल्या रंगाचा फोटो काढला.

"सगळ्या नळांना टेप लावा. जार मागवा. वडापाव मागवा त्या बत्तीस जणांना," ती खाली उतरता उतरता म्हणाली. "लॅबवाल्याला मी बोलावते. आणि हा तुकडा आत्ताच्या आत्ता काढायचा, एहसानभाई. व्हॉल्व्ह बंद करून नाही. कापून."

"मीच कापतो, मॅडम."

त्याने कापला. दोन्ही तोंडांना लोखंडी झाकणं बोल्टने आवळली. लाइनमध्ये क्लोरीन सोडून ती दोनदा धुतली. हात काम करत होते, पण प्रत्येक बोल्ट आवळल्यावर तो पुन्हा तपासत होता, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. उरलेली त्रेसष्ट हँडलंही त्याने एकेक करून बघितली, खाचेवरचा रंग खरवडून. सगळी बरोबर होती. प्रत्येक बरोबर हँडलगणिक त्याला जास्तच वाईट वाटत गेलं.

तीन वाजता रश्मीने त्याला ऑफिसमध्ये बसवलं आणि कागद पुढे केला. "काय झालं ते तुमच्या शब्दांत लिहा. मी उद्या प्लांट हेडना देणार आहे."

"पास राहील का माझा?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? माझंच काय होईल ते मला माहीत नाही. रंगकाम झाल्यावर 'तपासलं' म्हणून सही माझी आहे."

एहसानने लिहिलं. गणराजचं नाव लिहायचं की नाही यावर त्याचं पेन बराच वेळ अडलं. तेवढ्यात गणराज स्वतः दारात आला, म्हणाला, "लिही. तुकडा मी सांगितला होता," आणि थांबला नाही, गेला.

मग एहसानने घरी फोन लावला. मदिना म्हणाली, "क्या हुआ जी? दोपहर को कायकू फोन?" त्याने कॅन ओतून द्यायला सांगितला. ती घाबरून विचारत राहिली. घरात कुणाला काही झालं नव्हतं. अफरीनला चार दिवसांपूर्वी जरा मळमळलं होतं, पण ते बाहेरच्या खाण्याने असेल, ती म्हणाली. फोन ठेवल्यावर एहसानला ते 'असेल' ऐकू येत राहिलं.

लॅबचा माणूस बाटल्यांमध्ये नमुने भरून गेला. रिपोर्ट सोमवारी येईल म्हणाला. पण ते नमुने आजचे होते. गेल्या बारा दिवसांचं पाणी तर कधीच वाहून गेलं होतं, माणसांमधून आणि गटारातून. म्हणून रश्मीने आजारपणाच्या रजा काढून बघितल्या. रंगकामाच्या शनिवारनंतर पोटाच्या तक्रारीने गैरहजर राहिलेले तिघे निघाले. दोघं दोन दिवसांत परत आले होते. तिसरा कुलदीप, प्रेसवरचा पोरगा, ऑडिटच्या सोमवारपासून आलाच नव्हता; औशाला गावी होता, तिथल्या दवाखान्यात त्याला सलाइन लावलं होतं.

"त्या दोघांशी मी बोलते," रश्मी म्हणाली. "कुलदीपशी तुम्ही बोलाल? तुमच्या भागातला आहे ना?"

एहसानने फोन लावला. तिसऱ्या खेपेला लागला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"चाचा! तुम्ही कसा काय फोन केला? काय, माझी जागा भरली का कंपनीनं?"

"कसा आहेस रे?"

"बरं हाय आता. लई वाळलोय मात्र. आई म्हणायली, चाकणला जाऊच नको."

एहसानने त्याला खरं ते सांगितलं.

"म्हणजे त्या पाण्यानं झालं का मला, चाचा?"

"तेच विचारायलोय. सोमवारी दवाखान्यात गेलास, ते रजेच्या कागदावर आहे. पण दुखायला कधी लागलं?"

"आता कसं सांगू? पोट काय तारीख टाकून दुखतंय का? शुक्रवारी भोसरीला मित्राच्या हळदीला जेवलो होतो, तिथलं पनीर जरा तसलंच होतं. शनिवारी दुपारी साडेतीनच्या शिफ्टला कंपनीत होतो, संध्याकाळी मधल्या सुट्टीत दोन बाटल्या पाणी प्यालो. लई उकडत होतं. मग दुखायला लागलं. का आधीच लागलं होतं..."

"आठव."

"आठवायलोय की, चाचा."

रश्मी टेबलापलीकडून त्याच्याकडे बघत होती. एहसानने फोन दुसऱ्या कानाला लावला, साडेचारपर्यंत तो व्हॉल्व्ह बंदच होता हे मनाशी पुन्हा घोकलं आणि जितक्या हळू विचारता येईल तितक्या हळू विचारलं, "कुलदीप, बाळा, त्या शनिवारी कामावर यायला निघालास, तेव्हा तुझं पोट दुखत होतं का रे?"